कॅप्सूलपेक्षा रोजच्या गोळ्या महत्त्वाच्या
भाऊ, अटॅकनंतर हृदयातली अँटीऑक्सिडंट एन्झाइम्स (पेशींना ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून वाचवणारी प्रथिनं) घटतात, मग बाबांना व्हिटॅमिन ई हे अँटीऑक्सिडंट द्यावं का, असं तुम्ही विचारलंत. एन्झाइम्सचं खरं आहे. त्यातलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे ऑक्सिजनच्या घातक रूपाचं, म्हणजे सुपरऑक्साइडचं, हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. त्याचं पाणी करायचं काम कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजचं. उंदरांच्या प्रयोगांत अटॅकनंतर हृदय दुबळं होत गेलं तसा हा बचावही ढासळला. पण २००० सालच्या होप नावाच्या वैद्यकीय चाचणीत ९,५००हून अधिक लोकांमध्ये व्हिटॅमिन ईचा हृदयाला फायदा दिसला नाही. कापसाचा पैसा त्यावर घालू नका. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या मात्र चुकवू नका. यवतमाळकडच्या खेड्यातून मोठा दवाखाना लांब पडतो. पुन्हा छातीत दुखलं तर गॅस समजून सकाळपर्यंत थांबू नका, लगेच १०८ला फोन लावा.