बॅटलटेक: तुमचा पहिला पीपीसी (कणांचा झोत मारणारी तोफ) कुणावर झाडलात?

आंबटगोड: दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून बुटांचा खोका काढला तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला शिशाचा ऑसम, बॅटलटेक या पटावरच्या खेळातला महाकाय यंत्रमानव! उजव्या हाताच्या जागी पीपीसीची नळी, ती जरा वाकलीय. 1992 च्या मे महिन्यात आतेभाऊ अमेरिकेहून बॅटलटेक घेऊन आला होता. 80 टनांचं धूड, अंगावर 3 पीपीसी. एक झाडला की 10 हीट (उष्णता), आणि ती दर टर्नला शोषणारे सिंक 28. जागेवर उभं राहून तिन्ही झाडले तरी 2 उरतेच. दादाचा मंत्र होता तीन, तीन, दोन, म्हणजे दोन टर्न तिन्ही, मग एक टर्न दोनच. मी चालत चालत (त्याची दर टर्नला आणखी 1 हीट) चारही टर्न तिन्ही झाडले. हीट 12, पाय जड, नेम ढिला. मी पेन्सिलीने चौकोन भरत होतो आणि दादा शांतपणे मागच्या बाजूला येत होता. लिहा तुमचंही.

सातपुडा: डोकं!! फाशांवर 12 पडले, पीपीसी थेट समोरच्याच्या डोक्यात. मी पलंगावरून उडीच मारली. मग हिशोब केला. कवच 9, आतला सांगाडा 3, पीपीसीचा मार 10. दोन पॉइंटांवर वाचला हो. क्लॅन या गटाचा जास्त पल्ल्याचा ईआर पीपीसी असता तर मार 15, विषयच संपला असता. अजून हळहळ वाटते.

धुकं: माळ्यावर वाळवी नाही ना लागली? आमची अख्खी दिवाळी अंकांची चळत गेली.

आंबटगोड: अरेरे. नाही, पत्र्याच्या पेटीत होता खोका.

लेकीचीआई: आम्ही न्यूजर्सीत. लेकीचा लाडका यंत्रमानव पँथर, 35 टनांत एक पीपीसी. ती 18 हेक्सवरून (पटावरची षटकोनी घरं) मारते. मी जाऊन तिला चिकटते, शेजारच्या हेक्सवर पीपीसीचा नेम 3 ने अवघड होतो. "आई, लांब हो ना!" कुकर झाला, नंतर लिहिते.

धुकं: फासे खास लागतात का? भाचा मागे लागलाय.

सातपुडा: ल्युडोचे दोन घ्या, चालतात. वॉरहॅमर या यंत्रमानवापासून सुरुवात करू दे त्याला. 2 पीपीसी, 18 सिंक. दोन्ही झाडून 20 होते, थांबायला आपोआप शिकेल.

आंबटगोड: दादाला फोटो पाठवला. तिकडे पहाटेचे चार, तरी लगेच फोन. "नळी हाताने सरळ करू नकोस, तुटेल. डिसेंबरात येतोय मी, नकाशे शोधून ठेव."