सिकलसेल आहे म्हणून प्रत्येक कावीळ ‘नेहमीची’ नसते

सिकलसेल म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या होऊन लवकर फुटण्याचा आनुवंशिक आजार. ‘सिकलसेलच्या मुलांचे डोळे पिवळे असतातच’ असं बरेचदा म्हटलं जातं. खरंय, पण अर्धंच. लाल पेशी फुटून होणाऱ्या काविळीत इनडायरेक्ट बिलिरुबिन (यकृतात प्रक्रिया होण्याआधीचं पिवळं द्रव्य) वाढतं. डायरेक्ट (यकृतात प्रक्रिया झालेलं) वाढलं, शौचाला पांढुरकं झालं, अंग खाजतंय, उजव्या बरगडीखाली कळ येतेय, तर पित्तनलिकेत खडा अडकल्याची शंका घ्यायची. शाळकरी वयातही असे खडे होतात. सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसते, पण खालच्या टोकाचा खडा हुकू शकतो, मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. खडा ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात, पित्ताशय नंतर. भूल देण्याआधी हिमोग्लोबिन बघतात, लागलं तर रक्त चढवतात. थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री दवाखाना. कावीळ उतरवून घेण्यात (आमच्या विदर्भात सर्रास चालतं) आठवडा घालवू नका.