गावकीने घरच्यांना वाळीत टाकलंय, लेखी काहीच नाही, तक्रार कशी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत महिना गेला, पण आता कुठे विचारायचं तेच कळत नाही म्हणून इथे लिहितेय, थोडं लांबेल, समजून घ्या.

मी लग्नानंतर ठाण्याला असते. माहेर रायगड जिल्ह्यातलं, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. घरी आई, भाऊ, वहिनी आणि सात वर्षांचा भाचा. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीला आमच्या गावकीच्या बैठकीत ठरलं की आपल्या वाडीची बाईची जागा बिनविरोध करायची, नाव पण त्यांनीच ठरवलं. वहिनी बारावी झालेली, बचत गटाचे हिशोब तीच बघते, तिला वाटलं आपण उभं राहावं आणि तिने फॉर्म भरला. मागे घे म्हणून दोनदा घरी लोक येऊन गेले, तिने नाही घेतला. अकरा मतांनी पडली. खरं तर तिथेच विषय संपायला हवा होता ना.

आठ दिवसांनी भावाला बैठकीत बोलावलं आणि गावकीचा शब्द मोडला म्हणून २५,००० दंड आणि देवळात नारळ ठेवून सगळ्यांसमोर माफी असं सांगितलं. भाऊ म्हणाला फॉर्म भरणं हा गुन्हा आहे का, दंड देणार नाही. त्या दिवसापासून बंद.

बंद म्हणजे काय ते नीट सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं मारहाण, शिवीगाळ, तसलं काही नाही. कोणी वाईट शब्द बोलत नाही, कोणी बोलतच नाही. दुकानात गेलं की साखर संपलेली असते, गिरणीत गेलं की मशीन बिघडलेलं असतं, लावणीला माणसं मिळाली नाहीत म्हणून भावाने शेजारच्या गावातून आणली तर त्यांनाही दुसऱ्या दिवशी कोणीतरी परत पाठवलं. वर्गणी भावाने जीपे केली तर दहा मिनिटांत पैसे परत आले. गणपतीत आरतीला एक माणूस आला नाही, दीड दिवस आई एकटीच टाळ वाजवत बसली होती. शिमग्याला पालखी आमच्या अंगणासमोरून सरळ पुढे गेली, आई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती.

आणि सगळ्यात वाईट, चुलतकाका वारले तेव्हा भाऊ खांदा द्यायला पुढे झाला तर बाकीच्यांनी तिरडी खाली ठेवली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याची माती अडायला नको म्हणून शेवटी भाऊच मागे फिरला. लहानपणी त्याच काकांच्या खांद्यावर बसून तो जत्रा बघायचा.

पोलिसांत गेलो होतो. त्यांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली आणि म्हणाले आपसात मिटवा, तंटामुक्ती समितीकडे जा. समितीचा अध्यक्ष त्या बैठकीत पहिल्या रांगेत बसलेला माणूस आहे. पोलीस विचारत होते की वाळीत टाकलं असा कागद आहे का, कोणी तोंडाने म्हणालं का. आता कोणी काही म्हणालंच नाही हाच तर सगळा त्रास आहे, मग गप्प बसण्याचा पुरावा कसा आणायचा? आई म्हणते केस करू नकोस, गावातली पोरं जेलमध्ये गेली तर तळतळाट लागेल, आपल्याला इथेच राहायचंय. भाऊ म्हणतो घर विकू. मला काहीच सुचत नाही. कोणाला अनुभव असेल, कायदा माहीत असेल तर प्लीज सांगा.

पाणकोंबडी:
ताई वाचून सुन्न झाले. मी जिल्हा कोर्टात वकिली करते (तुमच्या जिल्ह्यात नाही), सरळ मुद्द्यावर येते. यासाठी आपल्या राज्यात वेगळा कायदा आहे, सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा २०१६ चा. विधिमंडळात २०१६ ला मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१७ च्या जुलैत लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी स्वतः एफआयआर घेऊन तपास करायचा, त्यामुळे यात एनसी लिहून पाठवणं हेच चुकीचं. बऱ्याच ठाण्यांत हा कायदा माहीतच नसतो. मुंबई राज्याने १९४९ ला बहिष्काराविरुद्ध एक कायदा केला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९६२ ला रद्द केला, त्यानंतर पन्नासेक वर्षं अशा प्रकरणात खंडणी, धमकी अशी इकडची तिकडची कलमं लावून काम चालायचं आणि ती सवय अजून गेलेली नाही.

तुमच्या केसमध्ये अजून एक गोष्ट धरून ठेवा. राजकीय कल बघून समाजातल्या माणसाशी भेदभाव करणं हेसुद्धा या कायद्यात बहिष्कारात मोडतं. वहिनीचा फॉर्म, छाननीची यादी, निकाल, हे सगळं सरकारी कागदावर आहे. म्हणजे कारण लेखी आहे, फक्त परिणाम लेखी नाही.

सडा:
अॅट्रॉसिटी लावा की सरळ, त्यात आर्थिक बहिष्कार पण येतो, पोलीस लगेच हलतात.

पाणकोंबडी:
२०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक, आर्थिक बहिष्कार आहे हे बरोबर, पण तो पीडित अनुसूचित जाती जमातीचा आणि करणारा त्याबाहेरचा असेल तर. ताई, तुम्ही आणि गावकी एकाच समाजाचे आहात का?

धागाकर्ती:
हो एकाच. अर्धा गाव तर नात्यातला आहे.

पाणकोंबडी:
मग ते कलम नाही बसणार, उगाच लावायला गेलात तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. २०१६ चा कायदा समाजातल्या समाजात होणाऱ्या बहिष्कारासाठीच केलाय, तोच धरा.

जुनाट वाटसरू:
मी रत्नागिरीकडचा. आमचं घर चार वर्षं बंद होतं, कारण वेगळं होतं (देवस्थानच्या जमिनीचा हिशोब मागितला म्हणून), त्यामुळे तुमच्या पुराव्याच्या प्रश्नावर मी सांगतो. आमचीही चूक हीच झाली की अपमान नको म्हणून आम्ही कोणाकडे काही मागायलाच जाईना झालो. दुकान टाळायचो, गिरणी टाळायचो, कार्याला जायचो नाही. मग तपासात तीच माणसं म्हणाली की हेच लोक येत नाहीत, आम्ही कुठे अडवलंय. म्हणून मागत राहा. दर आठवड्याला दुकानात जा, गिरणीत दळण घेऊन जा, वर्गणी पाठवा, हळदीकुंकवाचं बोलावणं करा. प्रत्येक वेळी वहीत तारीख, वेळ, कोण होतं, काय शब्द बोलले ते त्याच दिवशी लिहा, चार दिवसांनी आठवून नको. साखर संपली म्हणाला आणि मागून आलेल्या माणसाला दिली, तर तो मागून आलेला माणूस कोण ते लिहा.

तुमची जीपेची गोष्ट तर सोन्यासारखी आहे. पैसे गेले आणि परत आले याची बँकेच्या स्टेटमेंटवर वेळेसकट नोंद असते. हा नकार लेखीच आहे की हो.

आणि साक्षीदार गावात शोधू नका, मिळणार नाहीत आणि त्या गरिबांना अडचणीत पण टाकू नका. परत पाठवलेले लावणीचे मजूर बाहेरगावचे आहेत ना, त्यांना कोणी आणि काय सांगून पाठवलं हे ते सांगू शकतात. मयताला बाहेरगावचे पाहुणे असणारच. त्यांनी तिरडी खाली ठेवलेली बघितलीये.

धागाकर्ती:
दादा हे कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही पण तेच करत होतो, आई तर देवळात जायची बंद झालीये. मजुरांचा मुकादम ओळखीचा आहे, त्याला विचारते. काकांच्या जावयाने सगळं बघितलंय पण तो बोलेल का माहीत नाही. भावाच्या मोबाईलमध्ये एक फोन रेकॉर्ड आहे, बैठकीतला एक जण म्हणतोय की दंड भर म्हणजे मोकळा होशील, नाहीतर तुझ्या दारात कुत्रं पण येणार नाही. ते चालतं का?

पाणकोंबडी:
चालायला हवं, आणि हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत! तो मोबाईल विकू नका, रीसेट करू नका, मूळ फाईल आहे तशी राहू द्या. कॉपी देताना नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तुमचा वकील करून देईल. वकिलाचे पैसे हा प्रश्न असेल तर आई किंवा वहिनीच्या नावाने तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चौकशीला १५१०० हा नंबर आहे.

आता क्रम. नवीन सविस्तर लेखी तक्रार द्या, कायद्याचं नाव लिहून, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ ला ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. तरी नाही घेतली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, शपथपत्रासह. तसं या कायद्यात पीडित किंवा त्याच्या घरचं कोणीही थेट मॅजिस्ट्रेटकडेही तक्रार करू शकतं, पण अर्जावर सही आईची किंवा भावाचीच असू दे, लग्न झालेली मुलगी घरची की नाही यावर कोणाला वाद घालायला जागा नको.

पुढची बैठक ठरल्याचं कानावर आलं तर आधीच जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, बहिष्कारासाठी जमणाऱ्या बैठकीला मनाई करण्याचा अधिकार त्यांना आहे.

निळं आभाळ:
मानवाधिकार आयोगाकडे जा ना राज्याच्या. फी नाही, साध्या कागदावर तक्रार चालते.

पाणकोंबडी:
जाता येईल, पण कोणाविरुद्ध ते नीट समजून घ्या. १९९३ च्या कायद्याप्रमाणे आयोग बघतो तो सरकारी नोकराने केलेलं उल्लंघन किंवा ते रोखण्यात केलेला हलगर्जीपणा. म्हणजे तिथे गावकी नाही, एनसी लिहून परत पाठवणारं ठाणं हा तुमचा विषय. घटनेपासून एक वर्षाच्या आत जायचं आणि आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. तरी आयोगाची नोटीस आली की फाईल हलते हे मी बघितलंय.

वहाळ:
मी वेगळं बोलतो, राग नका धरू. २५,००० देऊन टाका आणि सुटा. कोर्टात वर्षं जातील, म्हातारीचे दिवस असे जाऊ देऊ नका.

जुनाट वाटसरू:
राग नाही भाऊ, आमच्या वडिलांनी हेच केलं होतं. दंड भरला, नारळ ठेवला. सहा महिन्यांनी बहिणीच्या लग्नात दुसऱ्या कारणावरून परत अडवलं आणि या वेळी आकडा दुप्पट होता. एकदा दंड भरला म्हणजे तो घ्यायचा त्यांना हक्क आहे हे आपणच कबूल केलं. आणि इथे माफी मागायची कशाची, निवडणुकीला उभी राहिली याची? त्या पोरीने परत कधी मान वर करावी मग?

आम्ही सुटलो ते अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांमुळे. डॉ. दाभोलकर होते तेव्हा २०१३ मध्ये त्यांनी जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केलं, ते अजून चालू आहे. ते लोक आले, पंचांना भेटले, पोलिसांसमोर बसवून बोलले आणि बहिष्कार मागे घेतल्याचं सगळ्यांच्या सह्यांनी लिहून घेतलं. तोंडी मिटवू नका, एवढं ऐका माझं.

धागाकर्ती:
आईचं काय करू? ती पोरांच्या जेलच्या भीतीने सही करायला तयार नाही.

पाणकोंबडी:
आईंना हे सांगा की गुन्हा जामीनपात्र आहे, कोणी लगेच सडायला जात नाही. (याची दुसरी बाजू पण सांगायला हवी, ती माणसं त्याच संध्याकाळी गावात परत असतील, म्हणून तक्रार दिल्यावर पहिले काही दिवस तुम्ही कोणीतरी गावी राहा.) आणि हा गुन्हा पीडिताच्या संमतीने, कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो, आरोपींना समाजसेवा करायला लावून. म्हणजे केस केल्यावरही मोठ्या मनाने माफ करायचा अधिकार आईंच्या हातात राहतो. आज तो पंचांच्या हातात आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप खूप आभार. शनिवार रविवार गावी जाऊन आले. पाणकोंबडीताईंचं शेवटचं वाक्य आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आण कागद. सोमवारी रजा वाढवून आई, वहिनी आणि मी पोलीस ठाण्यात गेलो, चार पानी तक्रार, जीपेचं स्टेटमेंट, वहिनीच्या उमेदवारीचे कागद. दीड तास बसवलं, कायद्याची प्रत सोबत नेली होती ती त्यांनी झेरॉक्स करून घेतली. पोच मिळालीये, शिक्क्यासकट. एफआयआरचं उद्या सांगतो म्हणाले, नाही घेतली तर अधीक्षकांचं पत्र टाइप करून ठेवलंय. मुकादम साक्ष द्यायला तयार आहे, जावई अजून नाही म्हणतोय. अंनिसच्या जिल्ह्यातल्या लोकांशी पण फोन झाला.

एकच विचारायचं राहिलं. भाच्याशी शाळेत पोरं खेळत नाहीत, डबा एकटा खातो, बाईंनी दोनदा सांगून बघितलं. हे तक्रारीत घातलंय, पण त्याला जबाब द्यायला बोलावतील का? वहिनीला तीच काळजी लागलीये.

जुनाट वाटसरू:
आमच्या वेळी पोराऐवजी शाळेतल्या बाईंचा जबाब घेतला होता. त्या गावच्या नसतील तर बोलतील, भेटून बघा. आणि भाच्याला सुट्टीत तुमच्याकडे ठाण्याला आणा चार दिवस, खेळू दे पोटभर.