मदत हवी आहे: नॅनो-सिलिका तळाला बसतेय, सँडपॅकचा दाब चढतोय

वाळूघाट (सांगली): मंडळी, बी.टेक.चा प्रकल्प आहे: पाण्याने ढकलूनही खडकात अडकलेलं तेल नॅनो-सिलिकाने सोडवणं. सँडपॅक म्हणजे खडकाच्या जागी वाळू ठासलेली नळी: २.५ सेंमी व्यासाची, ३० सेंमी लांब. आत कृष्णेची चाळलेली वाळू, तेल म्हणून लिक्विड पॅराफिन. द्रवात २० नॅनोमीटरची सिलिका पावडर ०.५ टक्के, घरचं मीठ ३ टक्के, पाणी बोअरचं. अर्धा तास सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणं). रात्री दुधाळ, सकाळी तळाशी बोटभर साका. पंप मिनिटाला २ मिली. थोडं आत जातं न जातं तोच गेज वर. काय चुकतंय?

गाळखडक: आधी बोअरचं पाणी बंद. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सिलिकाचा ऋण प्रभार झाकतं, मग कण एकमेकांना धरतात. साध्या सिलिकाला ३ टक्के मीठही जास्तच. डिस्टिल्ड पाणी, प्रयोगशाळेचं सोडियम क्लोराइड ०.५ टक्के, एवढ्यावर सुरू करा.

पावडरही सोडा. पिशवीवर २० लिहिलं असलं तरी आत गुठळ्या मायक्रॉनच्या असतात. ३० टक्क्यांची कोलॉइडल सिलिका घ्या, म्हणजे पाण्यात आधीच सुटे कण तरंगत असलेली; इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाले (मेणाच्या साच्यावरून धातू ओतणारे) वापरतात ती. लिटरला १.७ ग्रॅम घेतली की ०.०५ टक्के होते, तेवढी पुरे. ती आधी पाण्यात विरळ करा; मीठ वेगळं विरघळवून ढवळत थेंबथेंब घाला. उलटं केलंत तर जागीच गोळे होतील.

पोअरथ्रोट: दाबाचा दोष सगळा नॅनोवर टाकू नका. कृष्णेची वाळू म्हणजे बेसॉल्टचा चुरा. क्वार्ट्झ कमी, चिकणमाती आणि कॅल्साइट सोबत. नुसतं मीठपाणी सोडून बघा. तरीही दाब चढला तर मातीचे कण सुटून वाळूच्या कणांमधल्या अरुंद वाटा बुजवतायत.

वेगही फार आहे. सच्छिद्रता ३८ टक्के धरली तर तुमचा पोअर व्हॉल्यूम, म्हणजे वाळूतली एकूण मोकळी जागा, ५६ मिली. जमिनीखालच्या तेलसाठ्यातला दिवसाला एक फुटाचा वेग हवा तर मिनिटाला ०.०४ मिली. तुम्ही पन्नासपट पळवताय.

वाळूघाट: फाउंड्रीची सिलिका सँड चालेल? कुपवाडला मिळेल.

पोअरथ्रोट: चालेल, पण नवी, रेझिन न लावलेली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, मग पाणी निवळेपर्यंत खळखळून, आणि वाळवा.

गाळखडक: खरी मेख पॅराफिनची आहे. कण तेल आणि दगडाच्या फटीत पाचरीसारखे शिरतात, तेलधार्जिणा पृष्ठभाग पाणीधार्जिणा करतात. स्वच्छ क्वार्ट्झ मुळातच पाणीधार्जिणा, आणि पॅराफिनमध्ये त्याला चिकटणारे अस्फाल्टीन (क्रूडमधले जड, डांबरासारखे घटक) किंवा आम्लं नाहीत. मग बदलणार काय? कॉलेजच्या पत्रावर थोडं क्रूड (कच्चं खनिज तेल) मिळवा, ते भरलेली नळी बंद करून ६०-८० अंश सेल्सिअसवर दोन-तीन आठवडे ठेवा. (मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा खडक चुनखडीचा आहे, तिथे सिलिका दगडालाच जास्त चिकटेल, म्हणून अहवालात त्याचा दाखला देऊ नका.)

नंतर तेल यायचं थांबेपर्यंत नुसतं मीठपाणी, मग २ पोअर व्हॉल्यूम नॅनोद्रव, शेवटी पुन्हा मीठपाणी. पहिल्या टप्प्यात घाई केलीत तर तिथे राहिलेलं तेल नॅनोच्या खात्यावर चढेल. वेगही तिन्ही टप्प्यांत तोच ठेवा.