ए. एम. डी. जी. (बंद पडलेल्या मिशनच्या शाळांचे अनुभव)

ट्रंकवाला
परवा जातपडताळणीसाठी बाबांची ट्रंक उपसत होतो तर माझीच नववीची सहामाहीची भूगोलाची उत्तरपत्रिका निघाली. 31 मार्क. बाबांनी का जपली देव जाणे. पण वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात ए. एम. डी. जी. आणि शेवटच्या उत्तराखाली एल. डी. एस. बघून तिथंच फतकल मारून बसलो.

जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, फादरांची शाळा. पेपर असो, निबंध असो, वर ती चार अक्षरं नि खाली ही तीन, नाही लिहिली तर वही परत. लॅटिन आहे ते, वरचं 'देवाच्या अधिक गौरवासाठी' आणि खालचं 'देवाची सदैव स्तुती'. हे कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला बसणाऱ्या कॅथलिक पोरांना माहीत, आम्ही बाकीचे मॉरल सायन्सवाले. आमच्या बाकावर अर्थ ठरला होता, आई मला डबा दे गं. आणि खालचं, लवकर दे सुट्टी. मी सातवीपर्यंत खरं धरून चाललो होतो, वाटायचं फादर किती समजूतदार!

शाळा आता नाही. आधी एकेक तुकडी कमी, मग वर्गात बारा पोरं, फादर म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी नवे येईनात. इमारत उभी आहे, गेटला कुलूप. नाव मुद्दाम टाकत नाही. तुमच्याही अशा शाळा असतील तर लिहा, काहीही चालेल.

पोळपाट
आई मला डबा दे गं!!! मेले हसून, पोळी करपली. आमच्याकडे सिस्टर, त्यामुळे लॅटिन नाही, पण दुपारी बाराला अँजेलसची घंटा. कॅथलिक मुली उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या आणि आम्ही बाकीच्या उभ्या राहून डब्याचं झाकण सैल करायचो. अजून बाराच्या ठोक्याला भूक लागते मला.

दोन_वेण्या
थोरल्या ताईच्या वेळी सिस्टर म्हणजे पायघोळ झगा आणि कपाळापर्यंत घट्ट कापड, चेहरा तेवढा दिसायचा. ती व्हॅटिकनची मोठी परिषद झाली ना 1962 ते 65, त्यानंतर हळूहळू सगळं सैल झालं, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तीही लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. माझ्या वेळी एक दिवस सुट्टीनंतर सिस्टर साडीत! डोक्यावर काही नाही! घरी पळत येऊन सांगितलं, आई, सिस्टरला केस आहेत. आई म्हणाली मग काय असणार होतं गं.

जुना_अकरावीवाला
31 कशापैकी? 50 की 100?
आमचे आजोबा आणि काका एकाच शाळेतले. आजोबांचे मास्तर जर्मन फादर, काकांचे स्पॅनिश. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन फादरांना शत्रूराष्ट्राचे म्हणून नजरकैदेत टाकलं, परत धाडलं, मग मुंबईत स्पॅनिश आले. घरात वाद कायम, छडी कोणाची जोरात. मी स्वतः देशी ब्रदरांची खाल्ली, तिला इतिहास नाही.
(1975 ला ती दहावीची पहिली बॅच बसली, आम्ही त्याआधीचे, अकरावी मॅट्रिक. नंतरच्यांना एसएससी फुकटात मिळाली असं माझं मत आहे.)

पोळपाट
@जुना_अकरावीवाला काका फुकटात नाही हो, गणित तेच होतं.

वसईकर_पोर
आमची पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची मराठी शाळा. आम्ही कॅथलिकच, घरी सामवेदी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, कॅटेकिझमसुद्धा मराठीतून. आमच्यातलेच लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले त्याच आठवड्यात ऑफिसात एकाने विचारलं, तुमच्यात मराठी बोलतात का? काय सांगणार. आता मराठी वर्गांना पोरं नाहीत, त्याच आवारात इंग्रजी माध्यम जोरात, आमच्याच घरातली पोरं त्यात आहेत, माझीही. मग शाळा बंद पडली म्हणायचं की आपणच पाडली?

दोन_वेण्या
@वसईकर_पोर हे टोचलं. माझीही इंग्रजीतच.

घाईत_आहे
विषय सोडून विचारते सॉरी. माझी शाळा बंद, शाळा सोडल्याचा दाखला हरवलाय, डुप्लिकेट कुठून काढू? पासपोर्ट अडलाय. तिकडे गेले तर वॉचमन म्हणतो इथं कोणी नाही.

जुना_अकरावीवाला
@घाईत_आहे आधी जनरल रजिस्टर कुठे गेलं ते शोध. त्याच संस्थेची दुसरी शाळा असेल तर बहुतेक तिथल्या कपाटात. नसेल तर मुंबईत शिक्षण निरीक्षक, बाकी ठिकाणी जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी. लेखी अर्ज दे, पोच घे, तोंडी बोललीस तर फिरवतील.

ट्रंकवाला
@घाईत_आहे मी त्याच चक्रात आहे. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 आधीचा पुरावा लागतो, आणि बाबा शिकले त्याच शाळेत. म्हणजे आमच्या घराण्याची जात सध्या एका कुलूपबंद खोलीतल्या रजिस्टरमध्ये आहे. चावी ज्यांच्याकडे ते फादर आजारी, दुसरे म्हणाले सोमवारी या. तीन सोमवार झाले.

वसईकर_पोर
अर्जावर वर ए. एम. डी. जी. लिही, लगेच काढतील.

पोळपाट
आणि खाली लवकर दे सुट्टी

जुना_अकरावीवाला
ते 31 कशापैकी ते सांगितलं नाहीस अजून.

ट्रंकवाला
100. नकाशा पण काढला नव्हता. एल. डी. एस. मात्र दोनदा लिहिलंय.