कुकरच्या शिट्टीबद्दल

ताई, कुकर वाजला की मुलगी कान दाबून ओरडते, हे तुमचं वाचलं आणि आमचं सांगलीतलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. आमची लेक सहा वर्षांची, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली. कुकर लावायच्या आधी आम्ही गार शिट्टी तिच्या हातात देतो. ती बोटांनी फिरवून बघते, स्वतःच ओट्यावर ठेवते आणि मागच्या अंगणात जाते. पुढे काय होणार हे आधी कळलं की तिची निम्मी भीती जाते. हे जमायला चार महिने लागले, धीर सोडू नका.

"लाडावलीय" असं कुणी म्हणालं की अजूनही पोटात कालवतं. हट्ट नाही हो तो, त्या आवाजाचा तिला खरंच त्रास होतो. गणपतीत ढोल सुरू व्हायच्या आत, भल्या सकाळी तिला कृष्णेच्या घाटावर नेतो. आयर्विन पुलाकडे तोंड करून ती पाणी बघत बसते, अगदी शांत.

आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी काढा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा आहे, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.