परदेशी शिक्षणासाठी राहतं घर तारण ठेवावं का? माझं मत: नाही

निवृत्त बँकवाला, होटगी रोड
इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आलं की हल्ली सोलापुरात घरोघरी एकच विषय असतो, पोराला बाहेर पाठवायचं. पाठवा. माझा विरोध जाण्याला नाही, राहत्या घराचे कागद बँकेत ठेवून जाण्याला आहे. मी कर्ज विभागात काम केलंय, म्हणून हिशेबच मांडतो.

सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यापुढं, काही निवडक विद्यापीठं सोडली तर, घर, प्लॉट, एफडी असं काहीतरी द्यावं लागतं. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएससाठी ४० लाखांचं कर्ज ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिना ५४ हजारांच्या आसपास येतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं साचतं. तिकडं नोकरी लागली तर हा हप्ता सहज जातो. नाही लागली आणि पोरगं परत आलं, तर पुण्यात नवख्याला मिळणाऱ्या पगारात तो बसत नाही. सोलापुरातल्या पगाराचं तर बोलायलाच नको. मग भरणार कोण? वडील, पेन्शनमधून नाहीतर दुकानाच्या गल्ल्यातून.

कर्ज किती काढायचं ते तिकडच्या पगारावरून ठरवू नका. परत आल्यावर इथं जो पगार मिळेल, त्यातून फिटेल एवढंच काढा. त्यात बसत नसेल तर आधी दोन-तीन वर्षं इथं नोकरी करा, पैसे जमवा, मग जा.

पूर्व भागातली
काका, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो ज्यांचं घर आहे त्यांच्यासाठी. आमच्याकडं तारण ठेवायला घरच नव्हतं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. तुमच्या नियमानं मी जायचंच नाही असं ठरतं. मग घर नसलेल्यांनी काय करायचं?

आणि आपलं अख्खं शहरच बाहेरून आलेल्यांनी उभं केलंय हे विसरू नका. आमचे पणजोबा तेलंगणातून विणकामासाठी इथं आले. १८७७ साली जुनी मिल निघाली, मग एकेक गिरण्या वाढल्या, आणि माणसं पोटासाठी गाव सोडून आली. त्यांनी परत जाऊन किती पगार मिळेल याचा विचार केला असता तर सोलापुरी चादर कुणी विणली असती? त्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा लोकांनी पुणं, मुंबई, भिवंडी गाठली. आज आम्ही थोडं लांब जातोय, एवढाच फरक.

स्टुटगार्टहून
काकांच्या हिशेबात फक्त अमेरिका आहे. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही. मी आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता शुल्क लावलंय. तेव्हा 'जर्मनी फुकट' हे ऐकून निघू नका, आपापलं विद्यापीठ तपासा.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले दरमहा ९९२ तुमच्याच हातात येतात. युरो शंभर रुपये धरला तर हे बारा लाखांच्या आत आहे. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ही रक्कम उभी करायला प्रत्येकाला घर ठेवावं लागत नाही.

जुळे सोलापूर, दोन मुलांचा बाप
स्टुटगार्टवाल्यांनी भाषेचं सांगितलं नाही. माझ्या पुतण्याचं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि नोकरीच्या मुलाखतीत सगळे जर्मन बोलायला लागले. ते अठरा महिने भाषा शिकण्यातच जायलेत. खोली मिळेपर्यंत तीन जण एका खोलीत राहिले ते वेगळंच. घरी फोनवर मात्र 'सगळं मस्त आहे' असंच सांगायचा.

मी काकांच्या बाजूनं आहे, आणि माझं कारण पैशाचंही नाही. कर्जाखाली असलेलं पोरगं खरं बोलत नाही. आजारी असलं तरी सांगत नाही. घर गहाण आहे हे त्याला रोज आठवतं.

स्टुटगार्टहून
दादा, भाषेचं पटलं. इंग्रजीतून प्रवेश मिळतो म्हणून जर्मन टाळणारे पुढं अडकतात. निघायच्या आधी निदान बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत शिकून या, पुण्यात वर्ग आहेत, ऑनलाइनही होतं. त्याचा पुढंही उपयोग आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, बी१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, नुसतं ए१ (अगदी सुरुवातीची पातळी) असेल तर २७ महिने. आपली इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो, शेवटच्या वर्षाची वाट बघू नका.

मुलगा टेक्सासला
मी आई म्हणून लिहिते. आम्ही घर ठेवलं आणि ते योग्यच केलं असं मला आजही वाटतं. मुलाला विज्ञान-तंत्रज्ञान शाखेमुळं ओपीटीची (शिक्षणानंतर तिथं काम करायची मुभा) एक आणि वाढीव दोन, अशी तीन वर्षं कामाला मिळाली. त्यात त्यानं कर्जाचा मोठा भाग फेडला. एच-१बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची, सोडत दरवर्षी असते, जागा ८५ हजारच, तीन वर्षांत तीनदा नाव टाकता आलं. लागलं नसतं तर तो परत आला असता, पण बरंचसं कर्ज फेडून.

काका म्हणतात आधी इथं दोन-तीन वर्षं काढा. मुलींच्या बाबतीत त्या दोन-तीन वर्षांत स्थळं यायला लागतात आणि जाणं कायमचं राहतं. माझ्या बहिणीच्या मुलीचं तेच झालं.

निवृत्त बँकवाला, होटगी रोड
ताई, तुमच्या मुलाचं चांगलं झालं, आनंद आहे. पण तो गेला तेव्हाचे नियम आता तसेच नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावरून बदलणाऱ्यांना ते लागू नाही असं नंतर स्पष्ट झालं, पण तेवढे दिवस इथं आईवडिलांच्या जिवाला घोर लागला होता. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं, ते जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पदवी-पदव्युत्तरसाठी १८ महिन्यांवर येणार आहे. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. कर्ज दहा वर्षांचं असतं, नियम वर्षाला बदलतात. म्हणून घर त्यात घालू नका म्हणतो.

मुलींचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्याला माझ्याकडं हिशेबात उत्तर नाही. मुलीचं लग्न लांबवायची हिंमत आईबापांनीच दाखवायला हवी, बँक ते करू शकत नाही.

सात रस्ता
आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. तेव्हा कुणी हप्ते मोजले होते? सोलापूरकरानं जग बघायलाच पाहिजे.

जुळे सोलापूर, दोन मुलांचा बाप
कोटणीस जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ ला तिथंच वारले. ते करिअर करायला गेले नव्हते. त्यांचं नाव या वादात ओढू नका, ही माझी मनापासून विनंती.

पूर्व भागातली
काका, माझ्या मूळ प्रश्नाला अजून उत्तर आलं नाही, म्हणून मीच लिहिते. ज्यांच्याकडं घर नाही त्यांनी राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या बघाव्यात. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठीही वेगळी योजना आहे. जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठातच प्रवेश लागतो, जागा मोजक्या आहेत, पण मिळाली तर शुल्क आणि राहण्याचा खर्च दोन्ही सुटतं. पूर्व भागात हे माहीत असलेली मुलं फार थोडी आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि जातपडताळणीला महिने जातात, त्यामुळं तिसऱ्या वर्षातच कागद गोळा करायला लागा.

आणि तुमच्या नियमाला मी एक जोडते. कर्ज इथल्या पगारातून फिटेल एवढंच काढायचं हे मान्य, पण तो इथला पगार इतका कमी का, हे सोलापूरच्या कारखानदारांना आणि पुढाऱ्यांनाही विचारा. दर वेळी पोरांनीच का जपून पाऊल टाकायचं?

निवृत्त बँकवाला, होटगी रोड
विचारायलाच हवं. शिष्यवृत्तीचे कागद कुणाला समजून घ्यायचे असतील तर इथंच प्रश्न लिहा, मी उत्तर देईन. राहत्या घराबद्दलचं मत मात्र मी बदलत नाही.